अनुभवचिंतन मराठीतून लिहून घ्यावे की इंग्रजीतून? नर्सिंग शिक्षकांसाठी एक तुलना

पुण्यात बी. एस्सी. नर्सिंगला येणाऱ्या अनेक विद्यार्थिनी सोलापूर, बीड, लातूरकडच्या असतात आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या असतात. अभ्यासक्रमाचे माध्यम इंग्रजी असले, तरी वॉर्डात पेशंटशी बोलणे बहुतेक मराठीतच होते. त्यामुळे पोस्टिंगनंतरचे, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामानंतरचे, अनुभवचिंतन (आपल्या अनुभवाकडे मागे वळून पाहत केलेले लेखन) कोणत्या भाषेत लिहून घ्यावे, हे शिक्षकाने वर्षाच्या आरंभीच ठरवलेले बरे.

शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी अशा चिंतनासाठी १९८८ मध्ये मांडलेल्या चक्रात सहा टप्पे आहेत: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृती. भाषेचा फरक सर्वांत ठळक दिसतो तो दुसऱ्या टप्प्यावर. इंग्रजीत लिहिणारी विद्यार्थिनी ‘आय फेल्ट बॅड’ एवढ्यावर थांबते. तिचा आळस हे त्याचे कारण नव्हे; परक्या भाषेत तिच्यापाशी तेवढेच शब्द असतात. तीच मुलगी मराठीत लिहू लागली की धास्ती वाटली, लाज वाटली, आजोबांना सुई दुसऱ्यांदा टोचताना हात कापत होते, असे नेमके सांगते. पेशंटला ती ‘आजोबा’ म्हणते की ‘बेड नंबर सात’, हेही शिक्षकाला कळते आणि त्यातून तिचे पेशंटशी असलेले नाते उलगडते. (वहीत पेशंटचे नाव मात्र कोणत्याही भाषेत येता कामा नये.)

मराठीची एक अडचण मात्र मला गंभीर वाटते. ‘बीपी बघायचे राहून गेले’ हे वाक्य अगदी सहज लिहिले जाते आणि त्यात बीपी न बघणारी व्यक्ती कुठेच नसते. इंग्रजीत वाक्याला कर्ता द्यावा लागतो. कर्मणी रचनेने तो टाळता येतो खरा, पण मराठीत तो इतका सवयीने गळतो की लिहिणारीच्याही लक्षात येत नाही. म्हणून मराठी वहीत ‘राहून गेले’, ‘झाले’, ‘सुटले’ अशा शब्दांखाली रेघ मारून ‘कोणाकडून?’ असे विचारणे हे तपासणीचे पहिले काम ठरते. उत्तर ‘माझ्याकडून’ असेच असेल असे नाही. त्या पाळीत एकाच सिस्टरकडे किती पेशंट होते, हेही त्या प्रश्नातूनच बाहेर येते.

विश्लेषणाच्या टप्प्यावर इंग्रजीची बाजू वरचढ आहे, कारण पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस वेळेवर का बदलावी, हे लिहिताना ‘प्रेशर अल्सर’ (एकाच जागी दाब राहून होणारी जखम) हाच शब्द मुलींच्या ओळखीचा असतो. तेथे शुद्ध मराठीचा हट्ट धरल्यास लेखन पुन्हा कृत्रिम होते; सलाईन, कॅथेटर, ड्रेसिंग हे शब्द वॉर्डात बोलतात तसेच लिहू द्यावेत.

माझा कौल असा: पहिल्या वर्षी संपूर्ण लेखन मराठीत घ्यावे आणि गुण देऊ नयेत. दुसऱ्या वर्षापासून वर्णन, भावना व मूल्यमापन मराठीत ठेवून विश्लेषणापासून पुढचे टप्पे इंग्रजीत न्यावेत. वही तपासणाऱ्या शिक्षकांना मराठी सफाईने वाचता येत नसेल, किंवा वर्गात मल्याळी व हिंदी भाषक मुलीही असतील, तर आपापल्या भाषेच्या छोट्या गटात आधी बोलून घ्यावे आणि मग इंग्रजीत लिहावे. त्या बोलण्याला ‘काय घडले, त्याचा अर्थ काय, आता पुढे काय’ हे तीन प्रश्न पुरतात. सहा टप्प्यांचा तक्ता तेव्हा समोर नसला तरी चालतो.