किलाउएआवर चोवीस तास नजर: हवाईच्या ज्वालामुखी वेधशाळेची सेवा

थॉमस जॅगर यांनी 1912 मध्ये स्थापन केलेली आणि आज अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीत असलेली हवाई ज्वालामुखी वेधशाळा तेथील किलाउएआ या ज्वालामुखीच्या हालचालींची नोंद रोजच्या रोज सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवते. थेट प्रक्षेपण करणारे कॅमेरे, दैनंदिन निवेदन, जमिनीच्या कलाचे व भूकंपांचे आलेख, नकाशे आणि दर आठवड्याचा एक लेख असा हा सारा ऐवज आहे. बहुतेक लोक कॅमेऱ्यांसाठी येतात. माझ्या मते मात्र या सेवेचे खरे मोल कलाच्या आलेखात आहे.

आधी कॅमेऱ्यांविषयी. किलाउएआच्या शिखरावरील मोठ्या खोलगट भागात हालेमाऊमाऊ हे विवर आहे, आणि 23 डिसेंबर 2024 रोजी सुरू झालेल्या उद्रेकात तेथील दोन मुखांतून लाव्हाची कारंजी आवर्तनांनी उसळत राहिली. एक आवर्तन बहुधा काही तासांपासून दिवसभरापेक्षा थोडे अधिक चालते, मग कित्येक दिवस, कधी काही आठवडे शांतता असते. काही कारंजी 300 मीटरच्याही वर गेली. ही उंची पडद्यावर मात्र सहजी जाणवत नाही, कारण शेजारी तुलनेसाठी घर नसते की झाड नसते. वर फेकलेला लाव्हा खाली यायला किती वेळ घेतो, हे लक्षपूर्वक पाहिले की मगच त्या आकाराचा अदमास येतो. पाऊस आणि धुके यांमुळे दृश्य वारंवार झाकोळते. अशा वेळी उष्णता टिपणारा कॅमेरा उघडावा, कारण साधा कॅमेरा नुसता पांढरा पडदा दाखवत असताना त्यात विवराच्या तळावरचे ताजे प्रवाह पुष्कळदा ओळखू येतात. डिसेंबर 2025 मधील एका आवर्तनात लाव्हाच्या उडत्या तुकड्यांनी यांतील एक कॅमेरा प्रक्षेपण चालू असतानाच नष्ट केला, यावरून ही उपकरणे किती जवळ उभी केलेली असतात हे कळते.

आता आलेख. विवराखालच्या उथळ साठ्यात शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, भरू लागला की शिखर फुगते आणि आजूबाजूची जमीन बाहेरच्या बाजूला किंचित कलते. कारंजे सुरू झाले की साठा रिता होऊ लागतो आणि कल उलट दिशेने फिरतो. हा बदल मायक्रोरेडियनमध्ये मोजतात. एक किलोमीटर लांबीची ताठ काठी आडवी ठेवून तिचे एक टोक फक्त एक मिलिमीटर उचलले, तर जो कल येईल तो एक मायक्रोरेडियन. इतकी सूक्ष्म हालचाल टिपणाऱ्या शिखराजवळच्या उवेकाहुना येथील कलमापकाची रेषा काही महिन्यांच्या पट्टीवर पाहिली, तर ती करवतीच्या दात्यांसारखी दिसते: सावकाश चढण, मग एकदम उतार, पुन्हा चढण. मागच्या आवर्तनात घटलेला कल बराचसा भरून आला की पुढचे आवर्तन जवळ आले, असे शास्त्रज्ञ मानतात आणि त्यावरून काही दिवसांची मुदत जाहीर करतात. फुगण्याचा वेग बदलला तर ही मुदतही बदलतात आणि तसे निवेदनात स्पष्ट लिहितात, हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो. कारंज्यापूर्वी बहुधा मुखातून लाव्हा थोडा ओसंडतो, पुन्हा आत ओढला जातो, आणि हे अनेकदा घडते. आलेख उघडा ठेवून ही उघडझाप पाहिली की, आपण जमिनीखालच्या हालचालीचेच निरीक्षण करत आहोत याची खात्री पटते.

दैनंदिन निवेदन कोरडे वाटले तरी वगळू नये. त्यात सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण असते; शांततेच्या काळात ते दिवसाला साधारण 1,200 ते 1,500 टन राहते आणि कारंज्याच्या वेळी त्याच्या कितीतरी पट वाढते. हा वायू वाऱ्याच्या दिशेने पसरून ‘व्हॉग’ म्हणजे ज्वालामुखीचे धुरके तयार करतो, आणि ‘पेलेचे केस’ या नावाने ओळखले जाणारे काचेचे बारीक धागेही दूरवर जाऊन पडतात. पेले ही हवाईच्या लोकांची ज्वालामुखीची देवता असून हालेमाऊमाऊ हे तिचे निवासस्थान मानले जाते. इशाऱ्याच्या चार पातळ्या आणि विमानवाहतुकीसाठीचे हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल हे रंग लवकर अंगवळणी पडतात.

जुन्या नोंदींचे भांडार मला विशेष प्रिय आहे. 2018 मध्ये शिलारस पूर्वेकडील भेगपट्ट्यातून वाहून गेला, वस्तीत भेगा उघडून 700 हून अधिक घरे गेली आणि शिखर टप्प्याटप्प्याने खचून विवराचा तळ सुमारे 500 मीटर खोल गेला. पुढे 2019 मध्ये त्या खड्ड्यात पाण्याचे तळे साचले, आणि 20 डिसेंबर 2020 च्या रात्री उद्रेकाने ते वाफेत संपवले. या घटनांची छायाचित्रे आणि नकाशे क्रमाने पाहिले तर आज लाव्हाने भरत चाललेला तळ कोठून वर आला आहे, हे उलगडते.

वेळेचे गणित तेवढे आधी करून ठेवावे. सर्व नोंदी हवाईच्या वेळेनुसार असतात आणि ती भारतीय वेळेच्या साडेपंधरा तास मागे आहे. म्हणजे तेथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेअकरा झालेले असतात, आणि अंधारातले कारंजे आपल्याला भर दिवसा पाहायला मिळते. ईमेलने सूचना पाठवण्याची विनामूल्य सोय आहे, तिची नोंदणी करावी. सूचना आली की आधी मागच्या दोन दिवसांचा कलाचा आलेख पाहावा, रेषा अजून चढतीच आहे की वळू लागली आहे हे बघावे आणि मग कॅमेरा लावून बसावे.