भातावर निंबोळी अर्क: एक अख्खा हंगाम वापरल्यानंतर

आधी अर्क गाळण्याबद्दल लिहितो, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालं. सप्टेंबरच्या सुरुवातीला तीन दिवसांच्या पावसानंतर चार वाजता उघडीप मिळाली. १५ लिटरचा पंप पाठीला लावून खाचरात उतरलो आणि दहा पावलांत नोझल तुंबला. हिराची काडी घालून साफ केला, पुढे गेलो, पुन्हा तुंबला. असं सहा वेळा. तोवर समुद्राकडून काळोख करून सर आली आणि जेवढं फवारलं होतं तेवढंही धुऊन गेलं. फार वाईट वाटलं. गुहागरच्या पावसात दोन तासांची उघडीप म्हणजे काय, ते भात करणाऱ्यालाच कळतं.

चूक माझी होती. मच्छरदाणीच्या कापडातून एकदाच गाळलं होतं. आता आईच्या जुन्या सुती लुगड्याची दुहेरी घडी करून दोनदा गाळतो, आणि पंपात ओततानाही तेच कापड तोंडावर धरतो. त्यानंतर एकदाही काडी लागली नाही.

१० गुंठ्यांना ५० लिटर पाणी, त्यात अडीच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवलेली. १०० ग्रॅम साबणाचा चुरा विसरू नका, नाहीतर भाताच्या पानावर थेंब टिकतच नाही, घरंगळतो. आमच्याकडे कडुनिंब फारसा नाही, म्हणून निंबोळ्या घाटावरच्या मामांकडून आणल्या, सावलीत वाळवलेल्या. खर्च फक्त एस.टी.चा. त्याआधी दुकानातून तयार अर्काची बाटली घेतली होती, तिची मुदत संपायला महिनाच उरलेला निघाला. दुकानदाराने परत घ्यायला साफ नकार दिला. अर्कातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, जुनं झालं की कमी होतं, उन्हानेही जातं. बाटलीवरची तारीख बघूनच पैसे द्या.

फवारणी होती पान गुंडाळणाऱ्या अळीसाठी. पहिल्या फवारणीनंतर मी घरी म्हटलं होतं, याने काही होत नाही. दुसऱ्या दिवशी गुंडाळलेलं पान उलगडलं तर आत हिरवट अळी जिवंत, वळवळणारी. पण पाचव्या दिवशी त्याच चुडातली (रोपांच्या जुडग्यातली) पानं उघडली तेव्हा अळीने खाल्ल्याचे नवे पांढरे पट्टे नव्हते. एक अळी अर्धवट कात टाकून काळी पडली होती. हा अर्क तडकाफडकी मारत नाही, खाणं आणि वाढ थांबवतो. बांधाकडचे किडी खाणारे कोळी मात्र जाळ्यात जसेच्या तसे होते. हे बघून मी माझं मत बदललं.

रस शोषणाऱ्या तुडतुड्यांवर मात्र एवढ्याने भागलं नाही. ते चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतात, वरून फवारलेलं तिथे पोचतच नाही. खालच्या कोपऱ्यात ताटाएवढा गोल करपलेला दिसला तेव्हा बांध फोडून पाणी काढलं, युरियाचा शेवटचा हप्ता दिलाच नाही आणि नोझल बुंध्याशी धरून संध्याकाळी फवारलं. गोल तेवढ्यावरच थांबला. आता पुढच्या जूनसाठी मामांना निंबोळ्यांचं पोतं सांगून ठेवलंय, आणि लुगड्याचं ते कापड धुऊन पंपाच्या दांड्याला बांधलंय.