सव्वाचार हजार रुपये गेले आणि ‘ठ’चं पोटही

रक्कम आधी सांगतो. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पॅनलवर लेझरने डिझाइन कापून घ्यायचे ठरले होते 2,800 रुपये, पावडर कोटिंग (भट्टीत भाजलेला रंग) धरून. गेले 4,250. अ‍ॅडव्हान्स 1,500, ‘फाइल करेक्शन’ 600, ‘गॅस चार्ज’ 850 आणि पॅनल हातात द्यायच्या आधी 1,300. चारही वेळा यूपीआय, चारही वेळा वैयक्तिक खात्यावर. मूळ पॅनल गेलं ते वेगळंच. केस, म्हणजे कॅबिनेट, बनवणारी कंपनी सुटं पॅनल विकत नाही, म्हणजे त्याची किंमत म्हणजे अख्खी केस.

काम साधं होतं. कॅबिनेटचं डावं पॅनल, 450 बाय 430 एमएम, 0.8 एमएम पत्रा, काळं पावडर कोटिंग. त्यात ब्रह्मगिरीच्या डोंगराची रेघ, खाली ‘गोदाकाठ’ ही अक्षरं आणि वरच्या बाजूला 140 एमएमच्या एका फॅनची जाळी. फाइल डीएक्सएफमध्ये (म्हणजे मशिनला कापायच्या रेघा देणाऱ्या प्रकारात), एमएममध्ये, तयार होती.

आता तुम्ही म्हणाल, थेट फॅब्रिकेशनवाल्याकडे का नाही गेलात? गेलो होतो. नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीत फायबर लेझरवाले पुष्कळ आहेत, पण त्यांचा धंदा इलेक्ट्रिकल पॅनलच्या आणि गाड्यांच्या पार्टच्या शेकड्यांनी निघणाऱ्या ऑर्डरवर चालतो. ‘एक नग? त्यात वाकवलेला, कोटिंग केलेला पत्रा? नाही जमणार भाऊ.’ त्यांचंही चूक नाही. पॅनलच्या कडा आत वळवलेल्या असतात. पॅनल उताणं ठेवलं तर त्या वर येतात आणि लेझरचं हेड त्यांना धडकतं. पालथं ठेवलं तर ते कडांवर उभं राहतं आणि मधला पत्रा झोल खातो. कोटिंग जळतं, धूर होतो, कापाच्या कडेचा पट्टा करपतो. एका नगासाठी एवढा व्याप कोण करील? ही जी फट आहे, तिच्यातच असले ‘कस्टम मॉडिंग’वाले, म्हणजे कॉम्प्युटरला हौसेने वेगळं रूप देणारे, घर करून बसलेत. मी अशाच एकाकडे गेलो. इन्स्टावर झगझगीत फोटो, लायटिंग, आणि खाली ‘डीएम फॉर प्राइस’.

पद्धत ठरलेलीच असते: आधी थोडे पैसे, मग एकेक वाढीव मागणी. मला चीड येते ती एका वाक्याची. पॅनल द्यायला गेलो तेव्हा तो म्हणाला, ‘भाऊ, पत्रा काय, टेम्पर्ड ग्लास पण आमच्याच मशिनवर कापतो.’

टेम्पर्ड काच कापता येत नाही. कुणालाच, कुठल्याच मशिनवर. भोकं, खाचा जे काय करायचं ते टेम्परिंगच्या आधी. नंतर तिला हात लावला की ओंजळभर खडीसाखर होते. पीसी जोडणाऱ्या माणसाला हे शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ असतं. मलाही आहे. तिथल्या तिथे पॅनल काखेत मारून निघायला हवं होतं. मी मनातल्या मनात त्याचीच बाजू सावरली: काच म्हणजे अ‍ॅक्रिलिक म्हणायचं असेल, बोलण्याच्या ओघात गेलं असेल. आणि 1,500 रुपये स्कॅन केले.

दुसरी घंटा दोन दिवसांनी वाजली. डीएक्सएफ दिलेली असताना म्हणाला, ‘जेपीजी पाठवा, फाइल करेक्ट करावी लागेल, 600 होतील.’ जेपीजीत कापायची रेघच नसते, नुसते ठिपके असतात. ज्याच्याकडे खरंच मशिन आहे तो डीएक्सएफ हातात असताना जेपीजी मागणार नाही. इथेही मी फसलो, पण कारण होतं. देवनागरी फाइलमध्ये खरंच गडबड होऊ शकते. अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे कापायच्या रेघांत, रूपांतर केलं की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली राहते. युनियन करून (एकमेकांत घुसलेले आकार जोडून) ती एकसंध केली नाही तर लेझर त्या जोडावरही कापतो. मला वाटलं, माझ्याकडून एखादा जोड राहिला असेल. घरी येऊन तपासलं, एकही राहिला नव्हता.

तिसरी मागणी ‘गॅस चार्ज’, लेझरने कापताना सोडायच्या गॅसचा. नायट्रोजनवर कापलं की कड स्वच्छ चमकदार निघते, ऑक्सिजनवर काळपट, हे खरं आहे. म्हणून 850 पटले.

बारा दिवसांनी पॅनल आलं. डोंगराच्या प्रत्येक टोकदार कोपऱ्यात काप तीन-चार एमएम पुढे गेलेला. लेझर असा पुढे जात नाही, त्याचा काप कोपऱ्यावर थांबतो. असा पुढे जातो तो ग्राइंडरचा चार इंची व्हील, कारण गोल चकती पत्र्यात पूर्ण उतरवायची तर वरच्या बाजूला चीर लांबतेच. वळणांवर जिगसॉच्या (हातात धरायच्या इलेक्ट्रिक करवतीच्या) लाटा, आतून नख अडकेल अशी बर, म्हणजे कापाची खरखरीत कड. म्हणजे ग्राइंडरला नायट्रोजन लावला होता, 850 रुपयांचा.

आणि अक्षरं! ‘क’चं डावं पोट आणि ‘ठ’चं वर्तुळ ही बेटं असतात, चहूबाजूंनी कापली की गळून पडतात. त्यासाठी फाइलमध्ये दोन-दोन एमएमचे पूल ठेवले होते. ‘करेक्शन’मध्ये ते पूल उडाले. ‘ठ’च्या जागी आता नुसतं भोक आहे. विचारलं तर म्हणे, ‘डिझाइन तुमचंच आहे ना?’

त्याहून वाईट म्हणजे हे पॅनल माझं नाहीच. अडकवायचे आकडे (हुक) फिट बसत नव्हते, फॅन 1,200 आरपीएमला गेला की खडखडाट. जाडी मोजायला व्हर्नियर लावलं: 0.5 एमएम. किचनच्या काट्यावर 740 ग्रॅम. 0.8 एमएमचं एवढं कोरं पॅनल 1.2 किलोच्या आसपास भरतं, कापलेला भाग वजा करूनही किलोच्या खाली यायला नको. मूळ पॅनल कापताना वाकवलं असणार आणि पातळ पत्र्याचं दुसरं ठोकून दिलं. कापसाला थिनर लावून पुसलं तर कापूस काळा झाला. नीट भाजलेलं पावडर कोटिंग असं उतरत नाही, हा डब्यातला साधा स्प्रे होता.

पॅनल देण्याआधी आतल्या कडेला पंचने खूण करा, वजन आणि जाडी मोजतानाचा फोटो काढा. मी हे केलं नव्हतं, आणि तेच पुढे भोवलं.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. ‘पैसे तुम्ही स्वतः पाठवले, वस्तू मिळाली, मग फ्रॉड कसा?’ बँकेचं म्हणणं तेच, फक्त जास्त गोड आवाजात. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘साहेब जेवायला गेलेत’, मग ‘साहेब बंदोबस्ताला’, मग साहेब भेटले आणि म्हणाले, ‘चार हजारांसाठी? सिव्हिल मॅटर आहे. आणि हे कॉम्प्युटरचं झाकणच ना?’ झाकण! भारतीय न्याय संहितेत विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर लाटली तर कलम 316 आहे, फसवणुकीला 318 आहे, हे मी सांगायचं आणि त्यांनी पेन शोधायचं. अर्ज घेतला, पण पोच मागितली तर शिक्का दुसऱ्या कपाटात, कपाटाची किल्ली रजेवर. तीन हेलपाटे, पेट्रोल माझं. शेवटी पोच मिळाली, त्यावर तारीख चुकीची. ‘मूळ पॅनल 0.8चं होतं याला पुरावा काय?’ एवढा एकच प्रश्न त्या माणसाने अचूक विचारला.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. पण विरुद्ध पक्षाचं नाव-पत्ता लागतो. म्हणून बिल मागाच, जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा. महाराष्ट्राचा असेल तर 27 ने सुरू होतो, एकूण पंधरा अक्षरं. नंबर नाही म्हणजे लबाडच असं नव्हे, पण मग दुकानाच्या पाटीचा फोटो तरी घ्या. ‘मशिन दुसऱ्या युनिटला आहे’ म्हणाला तर ते युनिट बघितल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स नको. दर ‘डिझाइनप्रमाणे’ नाही, कापाच्या मीटरवर आणि पिअर्सच्या (काप सुरू करायला लेझर पाडतो त्या भोकांच्या) संख्येवर लिहून मागा. नंतर एका खऱ्या लेझरवाल्याने हीच फाइल पाहून कोटेशन दिलं: 9.2 मीटर, 64 पिअर्स, 480 रुपये. पत्रा सपाट हवा, कडा नंतर वाकवून घ्या, म्हणाला. ब्रेक प्रेसवाला त्याच गल्लीत आहे.

यूपीआयवर जे नाव दिसतं ते एका बाईचं. विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘मावशीचं खातं आहे.’ आता फोन लागत नाही. आणि माझ्या फाइलचं थ्रीडी चित्र त्याच्या पेजवर ‘डिलिव्हर्ड, नाशिक’ म्हणून लागलंय. त्यात ‘ठ’चं पोट शाबूत आहे.