मांजराच्या डायबिटीससाठी कॉन्टूर प्लस ग्लुकोमीटर: घरी वापरून झालेलं मत

रक्तातली साखर मोजायचं हे मशीन माणसांसाठी बनवलेलं आहे, हे आधीच सांगते. कॉन्टूर प्लस. आमच्याकडे भांडुपला ते पहिल्यांदा आलं सासूबाईंसाठी. भुऱ्याला डायबिटीस निघाल्यावर त्याच्यासाठी वेगळं घेतलं, कारण एकाच मशीनमध्ये दोघांचे आकडे मिसळले की डॉक्टरांना काय दाखवणार? लॅन्सेटचा, म्हणजे टोचायच्या सुयांचा, डबासुद्धा वेगळा, त्यावर मार्करने 'भुऱ्या' लिहिलंय.

भुऱ्या दहा वर्षांचा बोका, नसबंदी झालेला, आयुष्यभर फ्लॅटमध्ये राहिलेला, वजन सहा किलोच्या वर. डॉक्टर म्हणाले की असेच वयस्क, वजनदार, नसबंदी झालेले बोके या आजारात जास्त सापडतात. पाण्याचं भांडं भरून ठेवलं की रिकामं, ट्रेमधली माती एका रात्रीत ओली गच्च, खाणं नेहमीपेक्षा जास्त आणि पाठीचा कणा मात्र हाताला लागायला लागलेला. मग तो मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालू लागला. वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा दुखावल्या की मांजरं अशी चालतात. तुमचं मांजर असं चालताना दिसलं तर 'म्हातारं झालं' म्हणून सोडून देऊ नका.

आता घरी मोजायचंच का? कारण दवाखान्यात मांजराची साखर नुसत्या भीतीने चढते. टोपलीत कोंडून रिक्षाने नेलं, शेजारी कुत्रे भुंकतायत, अशा वेळी निरोगी मांजराचा आकडासुद्धा 300 च्या आसपास जाऊ शकतो. म्हणून निदान पक्कं करायला डॉक्टर फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी करतात, तिच्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते. पण रोज इन्सुलिन द्यायचं की नाही हे सरासरीवरून ठरत नाही, त्यासाठी त्या वेळचा आकडा लागतो. तो स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर, भुऱ्या शांत असताना घेतलेला असेल तरच मला त्यावर विश्वास ठेवता येतो.

रक्त कानाच्या कडेने जाणाऱ्या बारीक शिरेतून घ्यायचं. आधी कोमट पाण्यात पिळलेल्या रुमालाने कान शेकायचा, नाहीतर थेंबच येत नाही. कानाच्या मागे कापसाचा बोळा धरायचा, म्हणजे सुई आरपार जाऊन आपल्या बोटाला लागत नाही. कडेला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवला की रक्त केसांत पसरत नाही, गोल थेंब उभा राहतो. टोचून झालं की कापसाने कान थोडा वेळ दाबून धरायचा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आता कट्ट्यावर रुमाल दिसला की भुऱ्या आपणहून येऊन बसतो.

कॉन्टूर प्लस मला इथेच आवडलं. त्याला रक्त फक्त 0.6 मायक्रोलिटर लागतं. आणि पहिल्या थेंबात मशीनला लावलेली रक्त घ्यायची पट्टी भरली नाही तर तीच पट्टी तशीच ठेवून थोड्या वेळात दुसरा थेंब लावता येतो. माणूस बोट पुढे करून बसतो, मांजर ऐन वेळी डोकं झटकतं. आधी आमच्याकडे दुसरं एक मशीन होतं, त्यात रक्त कमी पडलं की सरळ एरर यायचा आणि पट्टी वाया जायची. पट्टी वीस रुपयांच्या आगेमागे पडते, खरा खर्च मशीनचा नाही, पट्ट्यांचाच. आकडा पाच सेकंदांत येतो. पट्ट्यांचा कोड घालायची भानगड नाही, त्यामुळे सत्तरीच्या सासूबाईही एकट्याने मोजतात.

उणी बाजूही मोठी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय हे मशीन वापरू नका. माणसाच्या रक्तातली सुमारे 42 टक्के साखर लाल पेशींत असते, मांजराच्या लाल पेशींत जेमतेम 7 टक्के, बाकी सगळी प्लाझ्मात, म्हणजे पेशींच्या बाहेरच्या द्रवात. माणसांच्या मशीनचा हिशोब माणसाच्या रक्ताला धरून असल्यामुळे मांजराचा आकडा बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. अल्फाट्रॅक हे प्राण्यांसाठीच जुळवलेलं मशीन आहे. परवडत असेल आणि त्याच्या पट्ट्या नियमित मिळण्याची खात्री असेल तर तेच घ्या. आम्ही माणसांचं मशीन डॉक्टरांना विचारून घेतलं, त्यांनी त्याच मशीनला धरून आम्हाला खालची हद्द आखून दिली: त्याच्या खाली आकडा आला तर इंजेक्शन द्यायचं नाही, आधी फोन. तुमची हद्द तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, आणि मध्येच मशीन बदलू नका.

आता सिरिंजचं, कारण आपल्याकडे यात जिवाचा धोका आहे. भारतात माणसांच्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या मिलीला 40 युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची. भुऱ्याला ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन चालू आहे, ते मिलीला 100 युनिटचं, त्याला केशरी टोपीची सिरिंज लागते. केमिस्टकडे नुसती 'इन्सुलिनची सिरिंज' मागितली की हातात लाल टोपीची पडू शकते. 100 च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजने एक रेघ भरलीत तर मांजराला अडीचपट डोस जातो. दुकानातून निघण्याआधी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून बघा. 0.3 मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघांची सिरिंज मिळाली तर उत्तम, मांजराचे डोस एवढे लहान असतात. 'पाणी घालून पातळ करा, मोजायला सोपं जाईल' असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ग्लार्जिन आम्ल असतं, त्वचेखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण साकळतात आणि हळूहळू विरघळतात, म्हणून ते तासन् तास पुरतं. पातळ केलं की तो गुणच जातो.

इंजेक्शन दर बारा तासांनी. मी फोर्टला नोकरी करते, संध्याकाळच्या गाडीचा भरवसा नाही, म्हणून साडेसात ही वेळ ठरवली आणि मी पोचले नाही तर आई, म्हणजे सासूबाई, देतात. ज्याने दिलं त्याने कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लगेच आकडा आणि सही करायची. सही दिसली नाही तरी अंदाजाने दुसऱ्यांदा टोचायचं नाही. एखादा डोस चुकणं परवडतं, दुप्पट डोस परवडत नाही.

साखर फार उतरली की मांजर लुळं पडतं, झोकांड्या खातं, थरथरतं, झटकेही येतात. गिळता येत असेल तर खायला द्या, नसेल तर हिरड्यांना मध चोळा, तोंडात काही ओतू नका, आणि ताबडतोब निघा. कुठे जायचं हे आधी ठरलेलं हवं. परळला प्राण्यांचं पेटिट रुग्णालय आहे, महालक्ष्मीला 2024 पासून टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय आहे. रात्रीच्या वेळा आजच फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर लावा.

खाणं बदलल्यावर तर मोजमाप जास्तच जपावं लागतं. भुऱ्याचा दूधभात आणि कोरडे दाणे बंद करून कमी कार्बोहायड्रेटचं ओलं खाणं आणलं, अर्थात डॉक्टरांशी बोलून, कारण इन्सुलिन तेच ठेवून एकदम खाणं बदललं तर साखर कोसळू शकते. मांजरांच्या बाबतीत मोठी आशा अशी की लवकर उपचार झाले तर काहींचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. शरीर स्वतः इन्सुलिन बनवू लागतं आणि कालचाच डोस जास्त व्हायला लागतो. हे बाहेरून दिसत नाही, आकड्यातच दिसतं. भुऱ्याचा डोस डॉक्टरांनी उतरवला आहे, घोटे टेकवणं जवळजवळ थांबलंय, परवा तो खिडकीच्या कठड्यावर चढला तेव्हा आईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

पावसाळ्यात पट्ट्यांची डबी उघडी टाकू नका, मुंबईच्या दमटपणाने पट्ट्या खराब होतात. एक काढली की झाकण लगेच बंद. फ्रिजमध्येही ठेवू नका, तिथे फक्त इन्सुलिन, तेही दाराच्या कप्प्यात, फ्रीझरपासून लांब. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून आम्ही दवाखान्यात परत देतो, कचरा वेचणाऱ्या बाईंच्या हाताला लागता कामा नयेत.

गणपतीत आम्ही मालवणला जातो. या वर्षी शेजारच्या काकूंना आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी बोलावून कान शेकण्यापासून सगळं शिकवलं. इंजेक्शनच्या आधी त्या मशीनच्या स्क्रीनचा फोटो पाठवायच्या, मी आकडा बघून 'द्या' म्हटल्यावरच सुई भरायच्या. मशीनमध्ये जुने आकडे तारखेसकट राहतात, परत आल्यावर मी ते वहीत उतरवून घेतले आणि वही डॉक्टरांना दाखवली.