ग्लोबल फॉरेस्ट वॉच : तैगावरचा गुलाबी रंग वाचायचा कसा?

उपग्रहचित्रांवरून वृक्षाच्छादनाची घट-वाढ दाखवणारी, वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेची ही नकाशा-सेवा २०१४ पासून फुकट उपलब्ध आहे. नकाशा पाहायला खातेही लागत नाही. कॅनडा, रशिया, फिनलंड, स्वीडनमधल्या संरक्षित जंगलांवर लक्ष ठेवणाऱ्याने ती जरूर वापरावी. फक्त उघडली आणि आकडा उचलला, असे करू नये. उत्तरेतल्या तैगात, म्हणजे थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात, हमखास फसगत होते.

पहिले काम म्हणजे छत्राच्या घनतेची (जमिनीचा किती भाग झाडांच्या शेंड्यांनी झाकला आहे त्याची) मर्यादा ३० टक्क्यांवरून १० वर आणणे. तैगाच्या उत्तर कडेला झाडे विरळ असतात, ती ३० टक्क्यांच्या चाळणीतून गळून जातात. पाच मीटरपेक्षा बुटकी झाडे मात्र काहीही केले तरी मोजली जात नाहीत, कारण इथे वृक्षाच्छादनाची व्याख्याच पाच मीटरपासून सुरू होते.

आता संरक्षित क्षेत्रांचा थर चढवा आणि कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानावर या. १९२२ साली स्थापन झालेल्या या सुमारे ४४ हजार चौरस किलोमीटरच्या उद्यानात घटीचे गुलाबी डाग पाहून धसका बसतो. जवळ जाऊन कडा पाहा. कडा फाटक्या, वेड्यावाकड्या आणि मध्ये न जळलेली हिरवी बेटे असतील, तर तो वणवा. जॅक पाइन या सूचिपर्णी झाडाची राळेने मिटलेली शंकूफळे आगीच्या धगीनेच उघडतात, त्यामुळे असा डाग म्हणजे जंगल कायमचे गेले असे नाही. स्वीडनमध्ये सरळ कडांचे ठोकळे दिसतात आणि त्यांच्यापर्यंत रस्ता गेलेला असतो. ती सरसकट तोड. वणव्यामुळे झालेल्या घटीचा वेगळा थर आहे, तो चालू करून खात्री करावी.

सेवेची खरी उणीव पुढे आहे. घट दरवर्षी कळते, वाढ मात्र अनेक वर्षांची एकत्र. थंडीत स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे रोप पाच मीटर व्हायला दशके लागतात, म्हणून जिवंत, वाढते जंगलही बराच काळ ‘गेलेले’ दिसते. उलट जुने जंगल तोडून लावलेली एकसुरी लागवड उंच झाली की हिरवीच दिसते. पडलेले ओंडके, त्यांवर जगणारी बुरशी आणि कीटक, म्हणजे जुन्या जंगलाचा जीवच, नकाशाच्या ३० मीटरच्या चौकटीत, म्हणजे त्याच्या सर्वांत लहान तुकड्यात, उमटत नाही. विरळणी, म्हणजे मधली काहीच झाडे तोडणे, हीही बहुतेक सुटते. म्हणून केवळ नकाशाच्या भरवशावर जंगल शाबूत असल्याचे प्रमाणपत्र देणे मला धोक्याचे वाटते.

२०११ पासून मोजणीची पद्धत सुधारली आहे, त्यामुळे २००१–२०१० चे आकडे नंतरच्या वर्षांशी थेट ताडून ‘तोड वाढली’ म्हणू नये. आगीच्या सूचनांचे ठिपके ३७५ मीटरच्या चौकटीतली उष्णता दाखवतात, जळालेले क्षेत्र नव्हे. दाट ढग आले की ठिपके गायब होतात, आग चालूच असते. आपल्या क्षेत्राची सीमा फाइलने चढवून ईमेलवर सूचना मागवता येतात. त्यासाठी मात्र खाते उघडावे लागते.