'डार्क' की 'डार्कनेस': अंधार इंग्रजीत नेताना करायची निवड

मराठी मजकूर इंग्रजीत नेणाऱ्याला 'अंधार' हा शब्द वरवर निरुपद्रवी वाटतो, कारण शब्दकोश उघडला की समोर 'डार्कनेस' येतो आणि तो जसाच्या तसा वाक्यात बसवता येतो. काही वर्षांपूर्वी एका गृहनिर्माण संस्थेच्या तक्रारअर्जाचे इंग्रजी रूप माझ्याकडे तपासायला आले होते. 'पुनर्विकासाच्या कराराबाबत सभासदांना अंधारात ठेवण्यात आले' या मूळ वाक्याचे भाषांतर त्यात 'केप्ट इन डार्कनेस' असे केलेले होते. वाचणाऱ्याचा समज व्हावा, की कार्यकारिणीने जिन्यातले दिवेच काढून नेले. तेथे हवे होते 'केप्ट इन द डार्क'. माहिती दडवली जाणे हा अर्थ इंग्रजीने 'डार्क' या नामाकडे सोपवला आहे, 'डार्कनेस'कडे नाही.

खरी निवड या दोन शब्दांमध्येच आहे. 'डार्क' हे मुळात विशेषण असले तरी ते नाम म्हणूनही वावरते, आणि त्याला 'नेस' हा प्रत्यय लागून, आपल्याकडे 'गोड'चे 'गोडपणा' होते तसे, 'डार्कनेस' हे भाववाचक नाम तयार झाले आहे. त्यामुळे माणूस ज्यात बसतो, चाचपडतो किंवा ज्याला घाबरतो तो अंधार बहुधा 'द डार्क' असतो, तर ज्या अंधाराचे वर्णन करायचे, ज्याची व्याप्ती किंवा तीव्रता सांगायची, तो 'डार्कनेस' असतो. लहान मूल 'अफ्रेड ऑफ द डार्क' असते. तेथे 'डार्कनेस' लिहिले तर व्याकरण बिघडत नाही, पण मूल एकदम तत्त्वचिंतक वाटू लागते. दिवेलागणीनंतर घराबाहेर राहू नये, हे सांगताना 'आफ्टर डार्क' म्हणतात आणि तेथे 'द'सुद्धा लागत नाही. अंधारात तीर मारणे यालाही 'अ शॉट इन द डार्क' असा जवळचा जोडीदार आहे.

याउलट नामाच्या आधी 'संपूर्ण', 'अचानक आलेला', 'दाट' असे विशेषण येणार असेल, तर 'डार्कनेस'कडे वळणे अधिक सुरक्षित आहे. एकही दिवा न लागलेले घर 'इन डार्कनेस' असते, मात्र त्या घरात बसलेली माणसे 'इन द डार्क' बसलेली असतात. हा भेद एकदा कानाला कळला की पुढच्या पुष्कळ चुका टळतात. बातमीच्या आणि कायद्याच्या भाषेतही 'डार्कनेस'च चालतो. रात्रीच्या आडोशाने केलेली हालचाल 'अंडर कव्हर ऑफ डार्कनेस' होते, आणि ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये 'अवर्स ऑफ डार्कनेस' म्हणजे सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वीच्या अर्ध्या तासापर्यंतचा काळ, अशी नेमकी व्याख्या आहे. 'अंधार पडला' याचे 'डार्कनेस फेल' हे रूप कथनात शोभते. पत्रात किंवा बोलण्यात 'इट गॉट डार्क' पुरेसे असते.

पाप, अज्ञान आणि दुष्ट शक्ती यांचा अंधार मात्र निर्विवादपणे 'डार्कनेस'चा आहे. 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' म्हणजे सैतान, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये सृष्टीच्या आरंभी खोल जलावर पसरलेला अंधारही 'डार्कनेस'च आहे. पसायदानातील 'दुरितांचे तिमिर' किंवा उपनिषदातील 'तमस्' इंग्रजीत नेताना याच शब्दामागे उभी असलेली ही धार्मिक परंपरा उपयोगी पडते. तरी येथे एक सावधगिरी हवी. तमोगुणातले तम हे जडत्व आहे, आळस आहे, मंदत्व आहे. तेथे 'डार्कनेस' लिहिल्यास दिवसभर लोळणारा माणूस विनाकारण खलनायक ठरतो.

याच नैतिक छटेमुळे माणसाच्या वर्णासाठी 'डार्कनेस' वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्याकरणाला ते चालते आणि केसांच्या किंवा रंगछटेच्या गडदपणासाठी त्याला हरकतही नाही, परंतु त्वचेच्या बाबतीत तो शब्द वर्णन न राहता निवाडा होतो. सांगणे आवश्यकच असेल, तर 'डार्क-स्किन्ड' हे साधे विशेषण बरे.

उरलेल्या पर्यायांपैकी 'ग्लूम'वर थोडे थांबायला हवे. जुन्या वाड्यातले माजघर डोळ्यांसमोर आणावे: उन्हाळ्यातली दुपार, शेणाने सारवलेली गार जमीन, वरच्या झरोक्यातून आलेला एकच कवडसा आणि त्यात चमकणारा तांब्याचा हंडा. हा अर्धा अंधार 'ग्लूम' होऊ शकतो. परंतु त्या शब्दाबरोबर उदासी आत येते, आणि आजीच्या त्या सुखाच्या खोलीवर उगाच सुतकी कळा चढते. तेथे 'डिम' हे विशेषण वापरून वाक्य फिरवावे. तिन्हीसांजेसाठी 'डस्क' आणि 'ट्वायलाइट' दोन्ही चालतात, मात्र झुंजुमुंजूला 'डस्क' म्हणता येत नाही, कारण तो केवळ सायंकाळचा असतो. विस्मृतीत गेलेल्या लेखकासाठी 'ऑब्स्क्युरिटी' घ्यावा.

नव्या जोडशब्दांत प्रश्नच उद्भवत नाही, कारण तेथे 'डार्क' हे विशेषणच येते. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ती रात्रीचे आकाश कृत्रिम उजेडापासून राखण्यासाठी. किराणा काही मिनिटांत घरपोच देणाऱ्यांचे 'डार्क स्टोअर' मात्र आत लख्ख उजळलेले असते. गिऱ्हाइकाला तेथे प्रवेश नसतो, इतकाच त्या 'डार्क'चा अर्थ.

काही ठिकाणी या दोन्ही शब्दांना बाजूला ठेवावे लागते. 'डोळ्यांपुढे अंधारी आली' यासाठी इंग्रजीला 'ब्लॅक' हवा: 'एव्हरीथिंग वेंट ब्लॅक'. 'लाइट गेली' म्हणजे 'पॉवर कट'. १९७१ च्या युद्धात मुंबईकरांनी खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावून पाळलेला अंधार 'ब्लॅकआउट' होता, आणि तो शब्द आपण मराठीतही तसाच वापरतो.

राहता राहिला आपला मिट्ट काळोख. त्याच्यासाठी 'पिच डार्कनेस' चांगला आहे. त्यातला 'पिच' म्हणजे डांबरासारखा काळा, चिकट पदार्थ. 'किर्र अंधार' मात्र त्यात मावत नाही, कारण 'किर्र'मध्ये रातकिड्यांचा आवाज आहे आणि 'डार्कनेस' हा मुका शब्द आहे. तेथे अंधार एका वाक्यात आणि रातकिडे दुसऱ्या वाक्यात लिहावे लागतात.