बहावा की ताम्हण? आधी खड्ड्यात पाणी ओतून बघा

सोसायटीच्या बागेत वसंतात फुलणाऱ्या एकाच झाडापुरती जागा असेल, तर बहावा आणि ताम्हण यांतून निवडा. दोन्ही आपल्या मातीतली, पानगळीची आणि एप्रिल-मेच्या उन्हात बहरणारी. बहाव्याचा पिवळा आवडतो की ताम्हणाचा जांभळा, हा प्रश्न मात्र नंतरचा.

पावसाळ्यात दोन फूट खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर बहावा विसरा. त्याची मुळं कुजतात. नवी मुंबईत वाशी, नेरुळ, ऐरोलीच्या भरावाच्या जमिनीत हेच होतं. ताम्हण मुळात ओढ्याकाठचं झाड, त्याला ओल मानवते. उलट ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात, येऊरच्या डोंगरपायथ्याच्या मुरमाड उतारावर बहावा खुशीत वाढतो आणि ताम्हणाला उन्हाळाभर पाणी घालत बसावं लागतं.

खड्डा दोघांनाही तीन फूट लांब, रुंद, खोल. बिल्डरने पुरलेलं डेब्रिज सगळं काढा, सिमेंट-चुन्यामुळे पानं पिवळी पडतात. लाल मातीत दोन घमेली मुरलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळा. जूनमध्ये दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की लावा. पिशवी कापून काढा आणि तळाशी गुंडाळलेली मुळं मोकळी करा, नाहीतर झाड वर्षानुवर्षं खुरटंच राहतं.

बहावा फुलत नाही ही तक्रार बहुधा लॉनमधल्या झाडांची असते. हिवाळ्यात रोज पाणी मिळालं की तो पालाच वाढवतो. झाड रुजल्यावर डिसेंबरपासून त्याचं पाणी तोडा. बियांपासून वाढवलेल्या रोपाला फुलायला पाच-सहा वर्षंही लागतात, तेवढा धीर हवाच. पानांवरच्या हिरव्या अळ्या बहुतेक पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात. फवारणी नको, पालवी पुन्हा येते.

छाटणीची वेळ दोघांची वेगळी. ताम्हण नव्या फुटीच्या टोकाला फुलतं, म्हणून पानं गळल्यावर, पालवी फुटण्याआधी छाटा. बहावा मात्र बहर ओसरल्यावरच. हिवाळ्यात कात्री लावली तर त्या वर्षीची फुलं गेली.

खाली पार्किंग असलेल्या पोडियमवर दोन्ही नकोत, तिथे चाफा लावा. जमिनीवरही भिंत आणि ड्रेनेजपासून चार मीटर अंतर सोडा, कारण पुढे मुळांचा त्रास झाला तरी वाढलेलं झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते.